खोली : साठ फूट

एडवण, ३ फेब्रुवारी १९६८, शनिवार

एडवणच्या समुद्राच्या तळाशी काय आहे? मला सांगता येत नाही. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते विचारा, गांडुळाचं डोकं कुठल्या बाजूला ते विचारा, सांगेन. पण आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडचं जे पाणी बावीस वर्षं ऐकते आहे त्याच्या खाली काय आहे, हे बी. एस्सी. होऊनही मला माहीत नाही.

हा प्रश्न आज पालघरला मुलाखतीत रामनाथ कीर्तने यांनी विचारला. कीर्तने मुंबईच्या सागरज्ञान मंडळाचे. पूर्वी नौदलात पाणबुडे होते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली उतरतात आणि तिथल्या रंगीत जीवांचे फोटो काढतात. अशा फोटोंचं प्रदर्शन ते मार्चमध्ये बोईसरला भरवणार आहेत. वीज प्रकल्पाच्या बांधकामामुळे तिथे आता कुठकुठले लोक येऊन राहिले आहेत. फोटो आपल्याच किनाऱ्यावरचे हवेत, आणि कुठला जीव कुठे, किती खोलीवर मिळाला हे लिहायला एक शास्त्रीय मदतनीस हवा.

मी सांगितलं, "माहीत नाही."

ते हसले. "तुमच्या आधीच्या पाचही जणांना माहीत होतं. एकाने तर मोती सांगितले. तुम्हाला नेमलं."

प्रदर्शन नीट पार पडलं तर मुंबईला मंडळाच्या संग्रहालयात कायमची जागा. आईला नोकरीचं नाव तीनदा समजावून सांगितलं. ती शेजारी जाऊन सांगून आली, "आमची सुगंधा माशांच्या खात्यात लागली."

४ फेब्रुवारी, रविवार

धर्माजीकाका आले होते. बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात वाडीत काय लावायचं, कुणाला कुठे द्यायचं, कुणी किती शिकायचं, सगळं त्यांच्या तोंडून ठरतं. माझी धाकटी बहीण हिरा यंदा मॅट्रिकला आहे. तिला पुढे शिकायचं आहे. ती माझ्याहून हुशार आहे, पण हे तिला सांगण्यात अर्थ नाही, आधीच पुरेशी उद्धट आहे.

काका म्हणाले, "एकीला शिकवली. तिचा उजेड पडू दे. मंग दुसरीचं बघू. नायतर उगाच दोन दोन पदव्या घरात येऊन बसतील."

म्हणजे हिराचं कॉलेज आता माझ्या नोकरीवर. बाबा नेहमीप्रमाणे सुपारी कातरत बसले. पानवेलीला दोरी बांधताना हा माणूस तिच्याशी बोलतो, स्वतः ऐकलं आहे मी. घरात मात्र तोंडाला कुलूप. आत्माराम सावे एवढं लांब नाव कशाला, बाराखडीतलं एक अक्षर असतं तरी चाललं असतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कीर्तनेसाहेबांबरोबर दातिवऱ्याला गेले. होडी सुका तांडेलाची ठरवली. सुका पन्नाशीचा, दात पानाने लाल, बोलताना माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघतो. तारीख ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घेऊन गेले होते. हिशोब साधा आहे. पौर्णिमा चौदाला. तिच्यानंतर दोन दिवसांनी, सोळा तारखेला सकाळी, महिन्यातली सर्वांत मोठी ओहोटी. पाणी जितकं कमी, तितका तळ उजेडाच्या जवळ.

सुका म्हणाला, "बाय, तवा उधान आसंल. पानी समदं ढवलून निंगतं. आज आष्टमी. भांग लागला. परवा दुपारी चला, पानी निवतंय."

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीला, चालेल, पौर्णिमेला नाही. समुद्रालाही उपासतापास लावून दिले आहेत या लोकांनी. मी त्याला कोष्टक उघडून दाखवलं. त्याने ते उलटं धरलं नाही, एवढंच. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तुमी म्हंता तसं."

त्याची बहीण गोजराबाई शेजारी दगडावर कालवं फोडत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "सुका, बायचं लगीन जालंय काय रं?"

"नाय वाटतं."

"मंग बरोबर. पौर्णिमेच्या आसपासचाच मुहूर्त काढनार."

दोघं हसली. मी हसले नाही. परत येताना साहेब म्हणाले, "तुमची पद्धत मला आवडली. या किनाऱ्यावर पहिल्यांदाच कुणी कागद बघून बोललं."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज साहेब उतरले.

पहाटे दातिवऱ्याहून निघालो. साडेसातला ओहोटीचं पाणी थांबलं तेव्हा आम्ही चार वाव पाण्यावर होतो. चार वाव म्हणजे चोवीस फूट. कीर्तनेसाहेबांनी पट्टे तपासले. मग पुन्हा तपासले. तोंडावरची काच पुसली, घातली, काढली, थुंकी लावून पुसली, घातली. असं पाऊण तास. एक बक्कल दोनदा हातातून निसटलं. सुकाला वाटलं थंडी वाजते आहे, त्याने गोणपाट पुढे केलं. अडाणी माणूस. काटेकोर काम करणाऱ्याची तयारी अशीच असते.

कॅमेरा पितळी पेटीत बंद, पुढे काच, वर उजेडाचा दिवा. साहेब नांगराच्या दोरीला धरून खाली गेले. पाणी दुधाच्या चहासारखं होतं. त्यांचं डोकं बुडालं आणि लगेच दिसेनासं झालं, जणू कुणी वर झाकण ठेवलं. चार मिनिटांनी वर आले, काच पुसली, पुन्हा गेले. या वेळी नऊ मिनिटं. मध्ये बुडबुडे होडीपासून लांब गेले तेव्हा सुका उभा राहिला आणि दोरी हलवू लागला. मी म्हटलं, "त्यांना काम करू द्या." तो मला पहिल्यांदाच जरा जोरात म्हणाला, "तू गप ऱ्हा, बाय."

वर आल्यावर साहेब ओकले. सुकाने त्यांना गोणपाटात गुंडाळलं, लिंबू पिळून पाणी दिलं, आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिला, जसं कुणी तापलेल्या पोराजवळ बसतं. बाराच्या बारा फोटो काढून झाले होते. मी वहीत नोंद केली : यशस्वी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पालघरला कमलाकांतच्या स्टुडिओत फोटो धुतले. कमलाकांत लग्नाचे फोटो काढतो. भिंतीवर सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या ओळीने एकाच खुर्चीवर हात ठेवून उभ्या आहेत.

बाराही फोटोंत एकच चित्र : पांढरं धुकं आणि त्यात ठिपके. दिव्याचा उजेड चिखलाच्या कणांवर आपटून परत आला होता.

कमलाकांत म्हणाला, "होमाच्या फार जवळ उभं राहिलं की असं येतं, साहेब. भटजीसुद्धा दिसत नाही."

कीर्तनेसाहेब बाकावर बसले. मग हळूहळू अंदमानबद्दल बोलू लागले. दहा वर्षांपूर्वी तिथे ते रोज उतरत. माशांचे थवे पिवळेधमक, प्रवाळ जांभळं, आणि वरून पडणारा उजेड हातात धरता येईल असा. बोलताना ते एकदम तरुण दिसत होते. कॅमेरा मात्र तेव्हा नव्हता. "ते मला लोकांना दाखवायचंय," ते म्हणाले. "दोन हजार माणसं येतील. त्यांना चिखल दाखवू? तो ते रोज फुकट बघतात."

मी बाराही फोटो पाकिटात भरले.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

हे कुणाला दाखवायचं नाही.

आज वद्य नवमी. दुपारी बाबांचं जेवण वाडीत देऊन किनाऱ्यावर गेले. पाणी ओटीवर सांडलेल्या पाण्यासारखं शांत. गुडघाभर आत गेले आणि खाली बघितलं तर माझ्या पायाची नखं दिसली. दहाही. एक लहान खेकडा अंगठ्याजवळून गेला, त्याचे डोळेसुद्धा दिसले.

उधाणाला पाणी जास्त धावतं, म्हणून गाळ उठतो. भांगाला कमी धावतं, म्हणून बसतो. यात उपासतापास काही नाही. पाचवीतल्या मुलीला कळेल. आणि भांगाची ओहोटी भरदुपारी येते, सूर्य डोक्यावर असताना. मी निवडली होती सकाळची, तिरप्या उन्हाची. सुकाने सगळं सांगितलं होतं आणि मी त्याला कोष्टक दाखवलं.

कीर्तनेसाहेबांना सांगायला हवं. सांगितलं तर पहिल्या वेळी का चुकलं ते निघेल. "पद्धत आवडली" म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात सांगेन.

१ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. गरजही उरली नाही. साहेबांनी मुंबईहून काचेची टाकी आणली आहे.

बेत असा : अमावास्येनंतरच्या मोठ्या ओहोटीला एडवणचं खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा पसरट खडक, उघडं पडतं. तिथल्या खळग्यांतले जीव आणून टाकीत ठेवायचे, मागे काळं कापड, आणि फोटो. "जीव तर खरेच आहेत ना?" साहेब म्हणाले. "मी फक्त पाणी बदललं."

गोजराबाईला दातिवऱ्याहून बोलावलं होतं. मी कॉलेजात तीन वर्षं बाटलीतले नमुने पाहिले. आज त्या बाईने मला दोन तासांत जे दाखवलं त्यातलं निम्मं मला ओळखता आलं नाही. ती कालवं काढायला वर्षानुवर्षं इथे येते. कुठल्या दगडाखाली काय आहे ते तिला स्वतःच्या फडताळासारखं पाठ आहे. एका खळग्यात वाटीएवढं तपकिरी फूल, त्याच्या पाकळ्यांची टोकं हिरवी. मी धरायला गेले.

"उपटू नको गं! दगडासकट घे. हात लावला का मिटतं ते."

"हे फूल नाही, प्राणी आहे," मी सांगितलं.

"मला सांगते," ती म्हणाली. "फूल कवा कोलंबी खातं काय?"

किनाऱ्यावर कापडी छताखाली साहेबांनी अठरा फोटो काढले. अगदी आनंदात होते, शीळ घालत होते. ऊन चढलं तसं टाकीतलं पाणी कोमट झालं, निम्मे जीव मिटून गेले. गोजराबाई म्हणाली, "चल, भरती यायच्या आत परत ठेवून येऊ." मी म्हटलं, मला नमुने ठेवायला हवेत. सहा जीव औषधाच्या बाटल्यांत घातले. बाकीचे तिने एकटीने पाटीत घालून, डोक्यावर घेऊन, ज्याच्या त्याच्या खळग्यात नेऊन ठेवले. कोण कुठला ते तिला कसं लक्षात राहिलं, देव जाणे.

९ मार्च, शनिवार

रंगीत फिल्म मिळत नाही, मिळाली तर धुवायला परदेशी पाठवावी लागते. म्हणून फोटो काळे-पांढरेच आहेत आणि कमलाकांत ते हाताने रंगवतो आहे. नवऱ्यांचे शालू तो असेच रंगवतो : काडीला कापूस, कापसाला रंग.

रंग कुठला द्यायचा हे मी सांगायचं. बाटल्यांतले सहाही जीव आठवड्यात पांढरे पडले, शिजवलेल्या कोबीसारखे. खडपावर मी रंग लिहून ठेवले नव्हते. नावं लिहीत होते, लॅटिनमध्ये. तेव्हा साहेबांनी एक परदेशी पुस्तक पुढे ठेवलं. त्यात चित्रं होती, कुठल्या तरी दूरच्या निळ्या समुद्रातली. मी त्यांतून साधारण जुळणारं बघून सांगत गेले : हे केशरी, हे जांभळं, याला गुलाबी कड.

कमलाकांतने विचारलं, "ताई, हे फूल की प्राणी?"

"प्राणी."

"मग डोळे कुठे? डोळ्यात एक पांढरा ठिपका दिला की फोटो जिता होतो. ही माझी खासियत आहे."

"याला डोळे नसतात."

"नसतात म्हणून काय झालं, प्रेक्षकाला तर असतात."

दोन फोटोंत त्याने ठिपका दिलाच. त्याला हसावं तर काय, त्याच्या हातात रंगाची काडी होती आणि रंग मी सांगत होते. आमच्या दोघांत खोटारडं कोण, हे त्याने विचारलं नाही हा त्याचा चांगुलपणा.

जाताना साहेबांनी मजकुराचा नमुना दिला. प्रत्येक फोटोखाली एक कार्ड. जीवाचं नाव, आणि खाली : "एडवणजवळचा समुद्र. खोली : साठ फूट."

"इथे साठ फूट पाणी कुठे आहे?" मी विचारलं.

"चोवीस फूट ऐकायला कसं वाटतं? विहीर वाटते."

१२ मार्च, मंगळवार

मंडळाचं पत्र आलं. प्रदर्शन पार पडलं की मुंबईची जागा मला. सोबत एक कागद, प्रदर्शनाआधी सही करून द्यायचा : सर्व छायाचित्रे समुद्राखाली प्रत्यक्ष घेतली असून त्यांतील रंग नैसर्गिक आहेत, हे मी शास्त्रीय मदतनीस या नात्याने प्रमाणित करते. साहेबांचं म्हणणं, फोटो काढणाऱ्याने स्वतः सांगितलेलं लोक मानत नाहीत, पदवीधराने सांगितलेलं मानतात.

पत्र काकांनी दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "मंग हिराचं बघू आता," म्हणाले. आईने शिरा केला.

मी शिरा खाल्ला.

१३ मार्च, बुधवार

हिराला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा माझे हात धरेल. ती भूमितीचं पुस्तक मिटून म्हणाली, "ताई, तू माझ्यासाठी सही करणार?"

"तुझ्यासाठीच."

"नको बाई. मग जन्मभर तुझा तो चेहरा बघावा लागेल मला. आत्ताच बघ, कसा त्यागाने चकाकतोय."

"मूर्ख आहेस. कॉलेज बुडेल तुझं."

"बुडेल तर मी बघीन. तुझी लबाडी तुझ्याच नावावर टाक, माझ्या नको."

अशा मुलीला शिकवून काय होणार आहे?

बाबा आज पुन्हा पालघरला गेले होते, या महिन्यात चौथ्यांदा. म्हणे पानांच्या व्यापाऱ्याकडे. रात्री जेवताना एकदम विचारलं, "सुगंधा, मुंबईला त्या कालेजात पोरींना ऱ्हायला जागा असते काय? का नात्यात ठेवावं लागतं?" नाही म्हणायला निमित्त शोधताहेत. मी म्हटलं, "असते. पण तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणाले, "नाय, इचारलं."

१५ मार्च, शुक्रवार

शिमग्याचे दोन दिवस घरी होते. आज बोईसरला गेले. कामगार वसाहतीच्या सभागृहात फोटो लावायचं काम चालू आहे. चौकटी करणारे सुतार नागोराव परभणीकडचे. प्रकल्पाच्या कामावर येऊन दोन वर्षं झाली. त्याआधी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. हाताखालचा एक माणूस फोटो टांगताना हिंदीत म्हणाला, "मैडम, ये यहीं का है? हम तो रोज देखते हैं, पानी तो मटमैला है."

नागोरावांनीच त्याला गप्प केलं. "तू वरून बघतूस. बाई शिकलेल्या हायेत, त्येंनी खालून बघितलंय." मग मला म्हणाले, "बाई, आमची झुंबर म्हनती, ह्या मुलखात मातीबी काळी न्हाई आन पानीबी निळं न्हाई, कशाला आनलंत मला? तिला हे दावायचं. रविवारी जातो की एडवनाला. कुठं उभं ऱ्हायचं?"

मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "सकाळी आठला या. ओहोटी असते."

येताना गाडी उमरोळीला बराच वेळ थांबली. तेवढ्या वेळात मी सहीचा कागद तीनदा वाचला. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा चांगल्या मराठीत लिहिलेला वाटला.

१७ मार्च, रविवार

आले. नागोराव धुतलेल्या धोतरात, त्यांची बायको झुंबरबाई नऊवारी हिरव्या लुगड्यात, हातात भाकरीचं फडकं. बोईसरहून गाडी, पालघरहून एस.टी., आणि फाट्यापासून चालत. मी कुंपणाआड उभी राहून बघत होते. दोघं गुडघाभर गढूळ पाण्यात जाऊन उभी राहिली आणि वाकून बघू लागली. केशरी आणि जांभळं शोधत होती. कितीतरी वेळ. झुंबरबाई काहीतरी म्हणाल्या, नागोरावांनी मान हलवली आणि आणखी थोडं पुढे गेले. मला पळून जावंसं वाटलं.

खडपावर गोजराबाई होती. तिने हाक मारली, "ओ पाव्हनं! तकडं काय हरवलं तुमचं? हकडं या!"

मी गेले तोवर तिने झुंबरबाईंना एका खळग्यापाशी बसवलं होतं. घोट्याएवढं पाणी. तेच तपकिरी फूल, हिरव्या टोकांचं. आता आठवणीतून लिहीत नाही, समोर बघितलेलं लिहिते : टोकं कोवळ्या भातासारखी हिरवी, मधलं तोंड फिकट, कडेला राखी ठिपके. गोजराबाई म्हणाली, "बोट घाल. भिऊ नको, खानार नाय. खाल्लं तरी नवरा हाय नवं बोट द्यायला."

झुंबरबाईंनी बोट घातलं. पाकळ्या हळूच बोटाभोवती मिटल्या. त्या किंचाळल्या, मग हसत सुटल्या, लुगडं भिजलं ते कळलंही नाही. "अवो, ह्यानं धरलं मला! धरलं बगा!" नागोरावांनी आपलंही बोट घातलं. ती दोघं तासभर त्या एका खळग्यापाशी बसली होती. केशरी कुठे आहे, जांभळं कुठे आहे, कुणीही विचारलं नाही.

शेवटी नागोरावांनी मला विचारलं, "बाई, ह्याचा फोटू हाय का तिथं?"

"आहे. सातवा."

ते पुन्हा खळग्यावर वाकले. "सातव्याला तर डोळं हायेत," म्हणाले.

गोजराबाई ओरडून हसली. मी बी. एस्सी., बाजूला उभी.

२० मार्च, बुधवार

कीर्तनेसाहेबांना बोईसरला गाठलं आणि सगळं सांगितलं. तारीख माझी चुकली हेही. म्हटलं, "परवापासून भांग आहे. सुका होडी देतो म्हणाला. प्रदर्शन चार दिवस पुढे ढकला. दुपारी उतरा. दोन फोटो मिळाले तरी खरे असतील."

"नळकांडी रिकामी आहेत."

"मुंबईहून भरून येतील. मी जाते."

त्यांनी टेबलाचा खण उघडला, बंद केला. "त्या दिवशी दुसऱ्या वेळी मी किती मिनिटं खाली होतो, सावेबाई?"

"नऊ. माझ्या वहीत आहे."

"मला वाटलं तास झाला." मग म्हणाले, "उद्या दहाला उघडायचंय. सहीचा कागद सकाळी द्या."

पाणबुड्याला नऊ मिनिटं आणि तास यांतला फरक कळत नाही, आणि मी त्याच्या शास्त्रावर विश्वास ठेवून महिना घालवला.

पुढे हळू आवाजात एवढंच म्हणाले, "अंदमानचं सगळं खरं होतं." ते मात्र मला पटलं. म्हणून जास्तच राग आला.

बोईसर, २१ मार्च, गुरुवार

सही करणार नाही, हे काल संध्याकाळी घरी सांगितलं. काका म्हणाले, "हेच्यासाठी शिकवली का?" आणि उठून गेले. हिराचं कॉलेज मी बुडवलं असेल. मग रात्री बसून सगळ्या फोटोंची कार्डं नव्याने लिहिली.

सकाळच्या पहिल्या गाडीला बाबा बरोबर आले. पानांचं काम आहे म्हणाले. बंडीच्या खिशात लांब लिफाफा होता, शिक्षण खात्याच्या कचेरीचा शिक्का असलेला. व्यापारी आपले कागद कुठल्याही लिफाफ्यात घालतात. गाडीत त्यांनी माझी अठराही नवी कार्डं आणि धुक्याच्या फोटोचं एकोणिसावं, एकेक करून वाचली. ओठ हलवत वाचतात, वेळ लागतो. शेवटी म्हणाले, "तारखेची चूक लिवलीच पायजे काय?"

"लिहिली पाहिजे."

"मंग ऱ्हाऊ दे."

सातव्या कार्डावर असं आहे : "एडवणचं खडप. मोठी ओहोटी. पाणी घोट्याएवढं. शोधलं : गोजराबाई, दातिवरे. फोटो काचेच्या टाकीत काढला आहे. रंग कमलाकांत यांनी, पालघर येथे, माझ्या सांगण्यावरून दिला. तो चूक आहे. खरा रंग तपकिरी, टोकं हिरवी. डोळे नसतात. बोट घालून पाहता येतं. सुगंधा आत्माराम सावे."

बाकीची सतराही अशीच. दाराशी मी धुक्याचा एक फोटो लावला आहे, चोवीस फुटांवरचा. त्याखाली तारीख कुणी निवडली आणि सुका तांडेल काय म्हणाला होता ते लिहिलं आहे.

सहीचा कागद कोराच साहेबांच्या टेबलावर ठेवला, मंडळाचं पत्र त्यावर. साडेनऊला ते आले. दोन कार्डं वाचली. तिसरं काढायला हात घातला, पण ते निघालं नाही. टाचणीने लावली असती तर निघालं असतं. बाबांनी खिळे धरले आणि नागोरावांनी सगळी ठोकून दिली, चारही कोपऱ्यांत.